पन्नास सामने

आमच्या शिवाजी पेठेत खेळाडूचा हिशेब करायची रीत जुनी आणि फार सोपी आहे. कुस्ती असेल तर विचारायचे, "कुणाला पाडला?" फुटबॉल असेल तर विचारायचे, "फायनलला गोल कुणी मारला?" शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा तालीम यांचा सामना असला, की निवृत्ती चौकात हा हिशेब इतक्या मोठ्याने चालतो की शाहू स्टेडियमपर्यंत जायची गरजच वाटू नये. पाठ लागली की नाही, तेवढे बोला!

क्रिकेटवाल्यांचे मात्र या हिशेबात हाल होतात. भाऊसाहेब निंबाळकर आमच्याच गावचे. 1948 साली पुण्यात काठेवाडविरुद्ध त्यांनी नाबाद 443 धावा केल्या. ब्रॅडमनच्या 452 ला गाठायला अवघ्या 9 धावा उरल्या असताना समोरच्या कप्तानाने पुढे खेळायचेच नाकारले. भाऊसाहेबांना अधिकृत कसोटी सामना कधीच मिळाला नाही. डिसेंबर 2012 मध्ये ते गेले. पेठेतल्या पोरांना 443 हा आकडा पाठ असतो; पण पाठोपाठ "टेस्ट नाही खेळले" हे शेपूट आलेच.

त्याच वर्षी सप्टेंबरात कोल्हापूरची एक वीस वर्षांची मुलगी श्रीलंकेतल्या विश्वचषकात भारताकडून उतरली. अनुजा पाटील तिचे नाव. उजव्या हाताची ऑफस्पिन गोलंदाजी आणि खालच्या क्रमांकावर फलंदाजी. म्हणजे संसारातल्या थोरल्या सुनेचे काम! डावाच्या मधल्या षटकांत धावा अडवायच्या, पडझड झाली तर सावरायचे, आणि सत्काराच्या वेळी मागच्या रांगेत उभे राहायचे. 2012 ते 2019 या सात वर्षांत ती भारताकडून वीस षटकांचे 50 सामने खेळली. 48 बळी घेतले. एकदिवसीय सामना एकही नाही, कसोटी नाही. नोव्हेंबर 2019 नंतर भारताच्या संघात तिचे नाव आले नाही.

आता चौकातला हिशेब काय म्हणणार, हे मी सांगायला नकोच.

मला मात्र एक दिवस आठवतो. 17 नोव्हेंबर 2018. गयानातल्या प्रॉव्हिडन्सच्या मैदानावर भारताची गाठ ऑस्ट्रेलियाशी होती. सांगलीच्या स्मृती मानधनाने 83 धावा ठोकल्या आणि कोल्हापूरच्या अनुजाने 15 धावांत 3 गडी टिपले. आपण 48 धावांनी जिंकलो. कृष्णाकाठ आणि पंचगंगाकाठ यांनी मिळून ऑस्ट्रेलियाला लोळवावे, हा योग काही रोज येत नाही. तरी दुसऱ्या दिवशी बोलणे झाले ते 83 चे. ते स्वाभाविकच आहे. षटकारांचे वर्णन करता येते, न निघालेल्या धावांचे कसे करणार?

त्याच दिवशी त्याच मैदानावर आयर्लंडच्या मुली न्यूझीलंडशी खेळल्या आणि त्यांच्यातल्या चौघींनी एकदम खेळाचा निरोप घेतला. त्यात इसोबेल आणि सिसिलिया या जॉइस घराण्यातल्या जुळ्या बहिणी होत्या. आयर्लंडच्या स्त्रिया आपली पहिली कसोटी 2000 साली डब्लिनला पाकिस्तानशी खेळल्या आणि डावाने जिंकल्या. सतरा वर्षांच्या इसोबेलने एका डावात 21 धावांत 6 बळी घेतले. तिचा भाऊ एड मोठा नावाजलेला फलंदाज. पण त्याला पहिली कसोटी मिळाली 2018 साली! बहीण अठरा वर्षे आधीच कसोटीवीर झाली होती. आणि तिलाही ती एकच कसोटी मिळाली. या चौघी गेल्यावर, 2019 मध्ये, आयर्लंडने स्त्री खेळाडूंशी प्रथमच अर्धवेळ पगाराचे करार केले.

आपल्याकडेही काळाने असाच चकवा दिला. 1973 मध्ये पुण्यात स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली तेव्हा संघ आले होते तीन. स्त्रियांचे क्रिकेट मोठ्या मंडळाच्या छत्राखाली गेले ते 2006 साली. वीस षटकांच्या सामन्याला पुरुषांइतकेच, म्हणजे तीन लाख रुपये, मानधन जाहीर झाले 2022 च्या ऑक्टोबरात. पुढच्या वर्षी लिलाव झाला आणि स्मृतीवर 3 कोटी 40 लाखांची बोली लागली. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत विश्वचषक हाती आला तेव्हा तर आमच्या चौकात फटाके वाजले. अनुजाचे पन्नासच्या पन्नास सामने या साऱ्याच्या अलीकडचे. पंगत वाढायच्या आधी चूल पेटवून गेलेल्या माणसासारखे.

हे सारे मी एवढ्या तपशिलाने गोळा केले त्याला कारण घरातच आहे. धाकट्या भावाची मुलगी बारा वर्षांची आहे. बोळात भिंतीवर खडूने तीन यष्ट्या काढून ती दिवसभर चेंडू वळवीत असते. तिला शिबिरात घालायचे म्हणून विषय निघाला तेव्हा आमच्या आईने पेठेचाच प्रश्न टाकला, "खेळून शेवटी हुईल काय?" वहिनी काही बोलली नाही, म्हणजे तिचाही प्रश्न तोच.

मी अनुजाचे आकडे सांगितले. आईने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "पन्नास येळा देशाकडनं खेळली म्हण की. आणि तू कितीदा खेळलास रे?"

सहामाही परीक्षेत गणित सुटता कामा नये, या अटीवर वहिनीने रुकार दिला. पहाटे साडेपाचला पोरीला मैदानावर पोचवायचे काम माझ्याकडे आले आहे. पायपिशवी तिची ती उचलते. मला फक्त स्कूटर चालू करायची असते, आणि थंडीत तीच लवकर ऐकत नाही.