वाऱ्याची वाट

होळी आटोपली की आमच्या अकोल्यात खिडक्यांना पोटे सुटतात! प्रत्येक घराच्या खिडकीबाहेर पत्र्याचा एक चौकोनी डबा येऊन बसतो आणि मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत त्याची घरघर गल्लीभर चालू राहते. हा आमचा कूलर. वऱ्हाडातल्या उन्हाळ्याचा हा खरा कुटुंबप्रमुख. घरात कोणी कुठे झोपायचे, कोणी कुठे बसायचे, हे तोच ठरवतो.

आमच्याकडे बाबा दरवर्षी मोठ्या हौसेने त्याला माळ्यावरून उतरवतात. टाकीचा गंज खरवडतात, रंग देतात, नव्या ताट्या बसवतात. आजीच्या वेळी दारांना वाळ्याच्या ताट्या असत आणि त्यांवर तांब्यातांब्याने पाणी मारावे लागे. आता ते काम पंप करतो. पण कोरड्या ताटीवर पहिले पाणी पडले की येणारा ओला वास अजून मन हरखून टाकतो.

कूलर सुरू झाला की बाबांचा एकच हुकूम असे, "दारं लावा! गार हवा बाहेर जाते." दारे लागत. पुढच्या खोलीत आजी, बाबा आणि पुस्तक घेऊन मी. मागे, बंद दाराआड, स्वयंपाकघरात आई. बाहेर ४३-४४ अंश आणि तिच्यापुढे पेटलेला गॅस. ताटे वाढून ती लालबुंद चेहऱ्याने दोन मिनिटे कूलरसमोर उभी राही आणि पुन्हा आत जाई. हे मी किती उन्हाळे पाहिले! पाहिले, पण मला ते दिसले नाही.

गंमत अशी, की त्या बंद खोलीत आम्हीही सुखात नव्हतो. दुपारी दोनपर्यंत अंग चिकचिकू लागे, ताटातला पापड मऊ पडे, उशी ओलसर लागे. आजी म्हणे, "जीव गुदमरून राह्यला बाप्पा!" मग बाबा म्हणत, कूलर जुना झाला, यंदा हप्त्यांवर एसी घ्यावा. आई विजेच्या बिलाची आठवण करून देई. विषय तिथेच थांबे.

मागच्या वर्षी भूगोलाच्या प्रात्यक्षिकात सरांनी आमच्यापुढे दोन तापमापक ठेवले. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळलेले, दुसरा कोरडा. कोरड्याने ३८ दाखवले, ओल्याने २०. सर म्हणाले, "हा जो फरक आहे ना, तेच तुमच्या कूलरचे भांडवल!" वर्ग हसला. पण मी वहीत लिहून घेतले : पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, एका ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी. ती उष्णता पाणी हवेतून घेते, म्हणून हवा गार होते. पण तीच वाफ हवेत राहते. हवा जितकी ओलसर, तितका दोन पाऱ्यांतला फरक कमी, आणि कूलर तितका दुबळा. मुंबईच्या मावशीकडे तो का चालत नाही, हेही त्या दिवशी उमगले.

सरांच्या परवानगीने ते उपकरण मी एक दिवस घरी आणले. दारे लावलेल्या खोलीत पारे होते ३३ आणि २९. मग मी माजघराचे दार उघडले, स्वयंपाकघराचे उघडले आणि त्याची मागची खिडकीही. बाबा ओरडलेच! अर्ध्या तासाने पारे दाखवू लागले ३१ आणि २४. आजीने पदराने मान पुसली आणि म्हणाली, "आता कसं मोकळं वाटते!"

आतून आईचा आवाज आला, "अगं बाई, इकडं वारा येऊन राह्यला!" मी धावत गेले. तिच्या पदराचे टोक हलत होते. गॅसची ज्योत थरथरत होती, म्हणून तिने खिडकीचे एक झडप ओढून घेतले. दुसरे मात्र तसेच ठेवले.

एसीला दारे बंद हवीत, कूलरला उघडी. दीड टनाचा एसी साधारण १,५०० वॉट खातो, आमचा कूलर २०० च्या आसपास. पण त्याला एकच हवे असते : आत आलेल्या वाऱ्याला बाहेर जायला वाट. आणि ती वाट आमच्या घरात आईच्या स्वयंपाकघरातूनच जात होती. आम्ही गारवा अडवून ठेवायला गेलो आणि स्वतःही घामेजलो!

आता पाऊस पडून दोन पारे जवळ आले, की आम्ही पंप बंद करतो आणि नुसता पंखा चालवतो. पाणीही वाचते, आणि आमच्याकडे पाणी वाचणे म्हणजे आईच्या दोन फेऱ्या वाचणे.

यंदा होळीनंतर कूलर लागला, तेव्हा बटण दाबण्याआधी बाबांनी आत हाक मारली, "मागची खिडकी उघडली काय वं?"

आई काही बोलली नाही. झडपांचा आवाज तेवढा आला.