पिलाची शिस्त आणि माझी

मृग लागून आठ दिवस झाले होते. रत्नागिरीचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना अधिक सांगायला नको. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. अशाच एका संध्याकाळी मी कचेरीतून भिजत घरी आलो, तर आमचा आठवीतला मुलगा दाराशीच उभा. त्याच्या शर्टाच्या आत काहीतरी हलत होते.

"पप्पा, रिक्षास्टँडजवळच्या गटारातून वाहून चाललं होतं," एवढेच तो म्हणाला. आत मुठीएवढे काळे कुत्र्याचे पिल्लू थरथरत होते.

आईने लगेच निकाल दिला. "घरात नको हां. दोन खोल्यांचं घर, त्यात तिसरा मजला. सोडून ये जिथून आणलंस तिथे."

मुलगा हुशार. तो म्हणाला, "आजी, हंसाची गोष्ट तूच सांगितलीस ना? देवदत्ताने बाण मारला आणि सिद्धार्थाने वाचवला, म्हणून हंस सिद्धार्थाचा."

आई क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "सिद्धार्थाने हंस वाचवला खरा. पण त्या हंसाची घाण कुणी काढली, ते गोष्टीत नाही."

आम्ही सगळे हसलो. पिलाचे नाव मोती ठेवले. आईच्या त्या एका वाक्यात पुढच्या तीन आठवड्यांचे सारे आले होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी दात बघून सांगितले, पिल्लू सात आठवड्यांचे असेल. जंताचे औषध दिले, पहिली लस टोचली आणि बजावले, "सगळ्या लसी पूर्ण होईपर्यंत याला रस्त्यावर सोडू नका." पार्व्हो नावाचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून मातीत जातो आणि तिथे कित्येक महिने टिकतो. लहान पिलाला तो झाला तर रक्ताची हगवण लागून दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचे जाऊ शकते. म्हणून या रोगाची लस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते. पिसाळण्याची, म्हणजे रेबीजची लस तीन महिन्यांनंतर.

म्हणजे लसी पूर्ण होईपर्यंत मोतीचे सगळे विधी घरातच. बाहेर पाऊस, मातीत रोग आणि खाली उतरायला तीन जिने.

मी युक्ती काढली. आंब्याचा हंगाम नुकताच संपला होता. गॅलरीत हापूसची एक रिकामी लाकडी पेटी पडली होती, तळाशी पेंढाही तसाच होता. तिची एक बाजू उपटली आणि मोतीला म्हटले, ही तुझी मोरी. मोतीने पेंढा हुंगला, दोनदा गोल फिरला आणि त्यात मुटकुळे करून झोपी गेला. तासाभराने उठला, पेटीतून बाहेर आला आणि माझ्या चपलेवर लघवी करून पुन्हा पेटीत जाऊन झोपला.

नंतर कळले की चूक त्याची नव्हती. पिल्ले अगदी लहान असतात तेव्हा त्यांची आई त्यांना चाटून साफ करते. तीनेक आठवड्यांची झाली की ती आपणहून झोपण्याच्या जागेपासून लांब जाऊन विधी करू लागतात. निजायची जागा घाण करायची नाही, हे त्यांना उपजतच कळते. मी मऊ पेंढ्याचे अंथरूण दिले आणि त्यालाच संडास म्हटले. त्याने माझ्यापेक्षा अधिक शहाणपणा दाखवला.

पण त्या वेळी मला राग आला. लहानपणी गावात पाहिले होते तसे मी त्याचे नाक त्या ओल्यावर दाबले आणि एक चापट मारली. दुसऱ्या दिवसापासून मोती कॉटखाली कोपऱ्यात जाऊन विधी उरकू लागला. पत्नी म्हणाली, "अहो, तो जागा चुकत नाही, तुम्हाला भितो." अगदी बरोबर होते. पाच मिनिटांपूर्वी केलेल्या गोष्टीची शिक्षा पिलाला उमगत नाही. माणसासमोर बसले की मार बसतो, एवढेच त्याला कळते, आणि मग ते लपून बसते. घाण थांबत नाही, फक्त आपल्याला दिसेनाशी होते.

आता जे सांगायचे आहे ते लिहिताना हात अडखळतो, पण लिहितो.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझी कचेरीची घाई होती. मोतीने दाराबाहेर पळून जिन्याच्या वळणावरच घाण केली. आमच्या इमारतीचा जिना झाडायला एक मावशी येतात. त्या खालून वर येतच होत्या. मी बूट घालता घालता म्हणालो, "मावशी, जरा तेवढं उचलून टाका ना. वीस रुपये देतो." मावशी हसल्या. म्हणाल्या, "असू दे साहेब, आमाला सवय हाय." आणि वाकल्या.

दारात आई उभी होती. ती काही बोलली नाही. आत गेली, जुना पेपर आणि पत्र्याचे सुपले घेऊन आली आणि सत्तरी ओलांडलेली माझी आई तीन पायऱ्या उतरून मावशींच्या आधी खाली बसू लागली. मी धावलो. तिच्या हातातून सुपले घेतले आणि ती घाण उचलली. मावशींची माफी मागितली.

संध्याकाळी आईने मला समोर बसवले. "एप्रिलात जयंतीला भाषण केलंस. सफाई कामगारांवर बोललास. टाळ्या पडल्या. आज सकाळी काय केलंस?"

मी कायद्याची बाजू मांडू लागलो. डोक्यावरून मैला वाहून नेण्याविरुद्धचा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. दोन्ही मानवी मैल्याबद्दल आहेत, कुत्र्याच्या नव्हेत. आईने हात वर करून मला थांबवले. "तुझ्या आजोबांना गावातलं कुणाचंही मेलेलं ढोर ओढावं लागायचं. ढोर त्यांचं, ओढायचं आम्ही. का, तर तुम्हाला सवय आहे म्हणून."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिथून बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे चवदार तळ्यावर गेली, हे आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. पण त्या परिषदेच्या ठरावांत सवर्णांना असेही एक आवाहन होते की, आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत. मी हा ठराव अनेक वेळा व्यासपीठावरून सांगितला आहे. ज्याचे जनावर, त्याचे काम. माझ्या घरी जनावर आले, तेव्हा मात्र ते काम मी वीस रुपयांत दुसऱ्याच्या हातावर ठेवायला निघालो होतो.

त्या रात्री घरात नियम ठरला. मोतीची घाण मी आणि मुलगा काढणार. आई नाही, मावशी नाहीत आणि "घरातच तर असते" म्हणून पत्नीही नाही. ती नोकरी करत नसली तरी तिच्या वाट्याला आधीच पुरेसे काम आहे.

काम आपल्यालाच करायचे म्हटले की माणूस नीट विचार करू लागतो. मी बी.कॉम. झालेला कारकून. मला येते ते मी केले. एक वही घातली. तारीख, वेळ, लघवी की शी, जागा आणि त्याआधी पिल्लू काय करत होते, असे पाच रकाने आखले. चार दिवसांत ४१ नोंदी झाल्या. हिशेब मांडला तर त्यातल्या २६ नोंदी झोपेतून उठल्यावर किंवा खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांच्या आतल्या होत्या. खेळून दमल्यानंतरच्या आणखी ९. म्हणजे मोती वाटेल तेव्हा करत नव्हता. त्याचे वेळापत्रक होते, मी ते वाचत नव्हतो.

पिल्लू जितक्या महिन्यांचे, साधारण तितके तास ते लघवी धरू शकते, फार तर एक तास अधिक. दोन महिन्यांच्या पिलाकडून सात तासांची अपेक्षा करणे म्हणजे तान्ह्या मुलाला लंगोटाशिवाय ठेवून वर त्याला रागावणे.

मग व्यवस्था बदलली. पेटी मोडीत काढली. उथळ, रुंद प्लास्टिकचा ट्रे आणला आणि पिलाला सहज चढता यावे म्हणून एका बाजूची कड कापून घासून घेतली. ट्रे न्हाणीघराच्या दाराशी, अंथरूण आणि जेवणाच्या ताटलीपासून लांब ठेवला. दोन फळ्या आडव्या लावून मोतीची जागा लहान केली. एका टोकाला झोपायचे गोणपाट, दुसऱ्या टोकाला ट्रे. आम्ही लक्ष ठेवून असू तेव्हाच तो घरभर फिरे.

ट्रेमध्ये वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या. मांजरांसाठी मिळणारी, पाण्याने घट्ट होणारी माती पिलांना घालू नये. पिल्ले ती खातात आणि ती पोटात घट्ट बसते. रद्दी पुरते. आमच्याकडे रद्दीचे काम आईने स्वतःहून घेतले. प्रत्येक पान उलटून बघायचे आणि ज्यावर तथागतांचे किंवा बाबासाहेबांचे चित्र असेल ते काढून ठेवायचे. मंत्र्यांचे फोटो ती बिनदिक्कत आत घाली.

कागद बदलताना जुन्या ओल्या कागदाचा एक तुकडा नव्यावर ठेवायचा. वास पिलाला सांगतो की जागा हीच. झोपेतून उठला, खाल्ले, खेळ संपला की लगेच उचलून ट्रेमध्ये ठेवायचे. जमीन हुंगत गोल फिरू लागला तरी तेच. "शू" हा एकच शब्द म्हणायचा. झाले की त्याच क्षणी शाबासकी आणि चपातीचा नखभर तुकडा. एका मिनिटाने दिलेली शाबासकी वाया जाते. रात्री दोनचा गजर लावून पहिला आठवडा मी उठत असे, पुढे मुलाची पाळी.

चूक झालीच तर न ओरडता पुसायचे. आधी साबणाचे पाणी, मग व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात. काळे फिनेल वापरू नये, पिल्लू पाय चाटते आणि ते विषारी असते. शिवाय फिनेलने आपल्या नाकाला जागा स्वच्छ वाटते, त्याच्या नाही. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाख, कुत्र्याच्या नाकात २०-३० कोटींच्या घरात.

आणि शेवटची गोष्ट, जी बहुतेक घरांत विसरली जाते. ट्रेमधले जाते कुठे? विष्ठा आम्ही आमच्या संडासात टाकून पाणी ओततो. ओला कागद वेगळा गुंडाळून, बांधून देतो. सुक्या कचऱ्यात तो कधीही मिसळत नाही. कारण तो कचरा पुढे कुणीतरी हातानेच निवडत असते. पिलांच्या विष्ठेत जंतांची अंडी असतात, ती मुलांच्या पोटात जाऊ शकतात. म्हणून जंताचे औषध वेळेवर द्यायचे आणि हात साबणाने धुवायचे.

दहाव्या दिवशी वहीत ट्रेबाहेरच्या फक्त चार नोंदी होत्या. एकविसाव्या दिवशी एकही नाही. मध्ये एकदा ढगांचा गडगडाट झाला आणि मोतीने सगळे विसरून माझ्या अंथरुणात केले. मी चादर धुतली. त्याला मारले नाही. कॉटखाली जाणे त्याने केव्हाच सोडले होते.

आता पाऊस सरला आहे, लसी पूर्ण झाल्या आहेत. सकाळी मी मोतीला थिबा पॅलेसच्या बाजूला फिरायला नेतो. खिशात जुना पेपर असतो. मोती बसला की मी वाकून उचलतो. कचेरीतल्या एकाने पाहिले आणि म्हणाला, "साहेब, हे तुम्ही काय करता? नगरपालिकेची माणसं आहेत की." मी त्याला सांगितले, न्यूयॉर्क शहरात १९७८ पासून कायदाच आहे, ज्याचा कुत्रा त्याने उचलायचे. महाडचा ठराव त्याच्या एक्कावन्न वर्षे आधीचा आहे, तेही सांगितले.

मावशी अजून जिना झाडायला येतात. मोती त्यांच्याभोवती शेपूट हलवत नाचतो. परवा त्यांनी मला विचारले, "पिलाला शिकवलं कसं वो तुमी?" मी वही आणून दाखवली. आईने ती चाळली आणि म्हणाली, "पिलाच्या सगळ्या चुका लिहिल्यास. तुझी तेवढी राहिली."

त्या रात्री मी जूनच्या पानावर राहिलेली नोंद केली. तारीख, वेळ, जागा : जिना. शेवटच्या रकान्यात, आधी काय करत होतो तिथे, लिहिले : बूट घालत होतो, घाईत होतो.