रस्त्यावरचा दिवा

रात्रीची गाडी चुकली की मुंबई जरा निवांत बघायला मिळते. गेल्या श्रावणात विद्यापीठातले काम आटोपून मी बोरीबंदरला पोहोचलो, तो आमची गाडी नुकतीच सुटलेली! आता पहाटेपर्यंत करायचे काय? छत्री उघडली आणि बाहेर पडलो.

१८८८ साली पुरी झालेली ती इमारत दिव्यांत न्हाऊन निघाली होती. २००४ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा मान दिला. तो उगीच नव्हे, असे मनाशी म्हणत मी दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखाली आलो. तिथे माणसे ओळीने निजली होती. आणि एका दिव्याखाली नऊ-दहा वर्षांची मुलगी चुरगळलेल्या कागदावर पाढे लिहीत बसली होती.

मी हरखलोच! थोर माणसे रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठी झाली, ही गोष्ट मी वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे. वसतिगृहातली वीज गेल्याची तक्रार घेऊन मुले आली, की हमखास! ती गोष्टच आज समोर बसली होती.

"कितवीत आहेस, बाळ?"

"तिसरीत होते."

"होते म्हणजे?"

उत्तर तिच्या आईने दिले. मांडीवर खोकणारे तान्हे होते. "चार दिवसांमागं फुटपाथ मोकळा करायची गाडी आली, भाऊ. गठुडंच उचलून नेलं. हिचं दप्तर त्यातच. बाई दुसरी पुस्तकं देतील हो, पण ठिवू कुठं? आन् ह्या बारक्याचं लशीचं कार्डबी गेलं. कंची सुई झाली, कंची राहिली, डाक्टरला काय सांगू?"

गोवराची लस नऊ महिने पुरे झाल्यावर एकदा द्यायची आणि दीड वर्षाच्या सुमारास पुन्हा. माझ्या मुलांची कार्डे आमच्या कपाटात अजून आहेत. ती सांभाळण्यात काही कर्तबगारी आहे, असे मला कधी वाटले नव्हते.

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २०१० साली लागू झाला. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पुस्तके फुकट, दुपारची खिचडी फुकट, लसही फुकट. देणाऱ्याने हात आखडता घेतलेला नाही. पण मिळालेले ठेवायला एक कोनाडा लागतो, तेवढा मात्र कोणी देत नाही. झोपेचेही तेच. पाऊस चुकवीत रात्रीतून दोनदा जागा बदलणारे मूल सकाळी वर्गात पेंगणारच. आणि आम्ही मास्तर लोक शेरा मारतो, 'अभ्यासात लक्ष नाही!'

इतक्यात तिच्या पेन्सिलीचे टोक मोडले. मी खिशातले पेन काढून दिले. तिने बाराचा पाढा पुरा केला, पेनाचे टोपण नीट लावले आणि ते माझ्यापुढे धरले.

"राहू दे, तुला घे."

"नको, काका. तुमच्याकडंच ठेवा. माझ्याकडनं जातंय."

पहाटेच्या गाडीत बसलो तेव्हा ते पेन खिशात होते.

परवा दिवाळीची आवराआवर करताना बायकोने जुन्या कोनाड्यात पणती ठेवून पाहिली. छान दिसली. दुसऱ्या दिवशी वर्गात ती दिव्याची गोष्ट ओठांवर आली होती. पण काही केल्या सांगवली नाही.