जोत्याखालचं पाणी

आमच्या घरात पाणी छपरातून कधी आलं नाही. मंगलोरी कौलं दर वैशाखात चाळून घेतली जातात, कोने नीट बसवले जातात. पाणी यायचं ते खालून. आषाढ लागला की माजघराच्या मागच्या भिंतीशी, जमीन आणि भिंत मिळतात त्या रेघेवर, आधी काळपट पट्टा उमटायचा. पाऊस चार दिवस लागून राहिला की त्या रेघेतून बारीक धार सुटायची. देवघराच्या कोपऱ्यात तर उपळ फुटायचा. आई गोणपाटं टाकायची, ती भिजली की पिळून पुन्हा टाकायची. रत्नागिरी जिल्ह्यात डोंगरउतारावर ज्यांची घरं आहेत, त्यांतल्या अनेकांचा पावसाळा असाच जातो, आणि पावसाळा संपला की सगळे ते विसरतातही.

मला ते विसरणं जमेना, याला कारण 2021 चा जुलै. 22 जुलैला महाड तालुक्यातल्या तळीयेवर डोंगर कोसळला आणि अख्खी वाडी गाडली गेली. त्या आठवड्यात आमच्या वाडीत कुणाला धड झोप नव्हती. मी बॅटरी घेऊन माजघरातल्या पाण्याचा रंग बघत बसायचो. उतारावरच्या झऱ्याचं निवळ पाणी एकाएकी गढूळ झालं, नव्या जागी उमाळे फुटले, जमिनीला किंवा भिंतीला भेगा गेल्या, झाडं कलली, तर घर सोडून निघायचं, हे तेव्हा घरोघर बोललं जात होतं. आमचं पाणी स्वच्छ होतं. पण पंचाहत्तरी ओलांडलेली आई ज्या जमिनीवरून चालते, तिच्याखाली काय चाललं आहे ते शोधायचं, हे मी तेव्हाच ठरवलं.

शोधायला गेलं की जांभ्यापाशीच पोचावं लागतं. आमचं जोतं जांभ्याचं, भिंती चिऱ्यांच्या, आणि मागचा डोंगरही जांभ्याचाच. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्याने 1807 मध्ये मलबारातल्या या दगडाला 'लॅटराइट' म्हटलं, ते लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. खाणीत हा दगड कुऱ्हाडीने तासता येतो, उघड्या हवेत मात्र टणक होत जातो. पण टणक झाला तरी तो भोकाभोकांचाच राहतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यातलं जे पाणी वाहून जात नाही ते जांभ्यातून खाली झिरपतं आणि खालच्या पांढरट-गुलाबी चिकण मातीवर येऊन अडतं. ती माती त्याला आणखी खाली जाऊ देत नाही. मग ते आडवं सरकतं, आणि उतारावर जिथे वाव मिळेल तिथे बाहेर येतं. त्याच वाटेवर कुणी पाया खणून घर बांधलं असेल, तर ते घरातच येतं.

भिंतीतली ओल मात्र वेगळ्या कारणाने चढत होती. चहात टोक बुडवलेल्या बटरात चहा वर चढतो, तसं दगडाच्या आणि मातीच्या बारीक पोकळ्यांतून पाणी आपोआप वर येतं. जोत्याच्या माथ्यावर ओल अडवणारा काँक्रीटचा थर, ज्याला गवंडी डीपीसी म्हणतात, आमच्या जुन्या घराला नव्हताच. एरवी अशी ओल तीनेक फुटांपर्यंत येते आणि भिंतीच्या अंगातून उडून जाते. आमच्या भिंतींना मागच्या पिढीत सिमेंटचा गिलावा झाला. त्या काळी घर पक्कं करायचं म्हणजे हेच करायचं, आणि सगळ्यांनी ते हौसेने केलं. पण गिलाव्याने उडून जायची वाट बंद झाली, म्हणून ओल आणखी वर सरकली, आणि गिलाव्यामागे क्षार साठून लोणा फुटला. रंगाचे पोपडे पडत, दरवाजाच्या चौकटीचे पाय कुजत, आणि कुजक्या लाकडाला वाळवी लागे.

ओटीवरच्या फरशीलाही पावसाळ्याच्या तोंडावर पाणी सुटायचं. ते कुठून येतं ते मी प्लॅस्टिक लावून तपासलं. दीड-दोन फुटी चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने फरशीवर बंद करायचा आणि एक दिवस तसाच ठेवायचा. खालच्या अंगाला थेंब आले तर ओल जमिनीतली, वरच्या अंगाला आले तर हवेतली. ओटीवर थेंब वर होते. म्हणजे गार फरशीवर दमट वारा येऊन तिला घाम फुटत होता, तिथे खणायचं काही कारण नव्हतं. अशा हवेत दारं-खिडक्या लोटून पंखा लावला की फरशी सुकायची. माजघरात मात्र प्लॅस्टिकच्या खाली पाणी साचलं होतं. ही तपासणी खर्चाविना होते, आणि कुणालाही पैसे देण्याआधी ती प्रत्येकाने करावी, असं मी कळकळीने सांगतो.

कारण सल्ले पुष्कळ मिळतात. एकाने भिंतीला आतून जलरोधक लेप सुचवला, दुसऱ्याने जोत्याला भोकं पाडून रसायन भरायचं सांगितलं. लेपामागे पाणी तसंच राहतं आणि दुसरीकडून फुटतं. रसायनाचं तंत्र विटांच्या सलग भिंतीत चालतं, पण जांभ्याच्या पोकळ्यांत ते भलतीकडेच वाहून जाण्याचीच शक्यता जास्त.

शेवटी वाडीतले म्हातारे गवंडी, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, ते आले. ते माजघरात थांबलेच नाहीत. मागल्या दाराने बाहेर पडून डोंगराच्या पायथ्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, ह्ये पागोळीचं पानी न्हाय. हितला चर कुठं गेला?" आई आतून म्हणाली, "रस्ता झाला तेव्हा बुजवला." वरच्या वाडीची पाखाडी मोडून गाडीरस्ता झाला, तेव्हा माती घराच्या मागे ओढली गेली आणि आजोबांच्या वेळचा चर तिच्याखाली गेला. त्या चराकडे सांडपाण्याची गटार म्हणूनच सगळे बघत होते. घराला कोरडं ठेवणारी खरी गोष्ट तीच होती.

फाल्गुनात खणायला घेतलं. तात्यांनी भिंतीपासून आठ-नऊ फूट अंतर राखलं. पायाच्या अगदी लगत त्याच्या तळापेक्षा खोल खणलं तर पायाच खचू शकतो, म्हणून यात त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. चिकण माती लागली तिथे थांबलो. चराला शंभर फुटांना एक फूट असा उतार दिला, जिओटेक्स्टाइल कापड अंथरलं, त्यात खडी आणि भोकं खालच्या बाजूला ठेवून छिद्रांचा पाइप घातला, आणि कापड वरून मिटवलं, म्हणजे मातीने खडी भरून जाणार नाही. पाइपाचं तोंड घराच्या खालच्या अंगाला पऱ्यात सोडलं. पावसाचं वरून वाहणारं पाणी या चरात घ्यायचं नाही, हे महत्त्वाचं. त्याला उघडी गटार वेगळी काढली. पागोळ्या पडतात तिथे बाहेरच्या बाजूला उतार देऊन चिऱ्यांचे पाट बसवले.

माजघराची फरशी उचलून खाली जाड खडीचा थर दिला. मोठ्या पोकळ्यांतून पाणी वर चढत नाही. त्यावर चुन्याचा कोबा केला. भिंतींचा सिमेंटचा गिलावा खालचे चार-पाच फूट काढला. लोणा कोरड्या ब्रशने झाडला, धुतला नाही, कारण धुतला की मीठ पुन्हा भिंतीत शिरतं. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. ओली भिंत इंचाला एक महिना अशा बेताने वाळते, आणि आमची भिंत नऊ इंची. म्हणून वर्षभर चिरे उघडेच ठेवले. पाहुणे विचारत, घर अर्धवट का ठेवलंय? आईच त्यांना समजावून सांगे. चुना विरवून त्याचा गिलावा करणारी माणसं आता कमी उरली आहेत. तात्यांनी त्यांच्या नातवाला हाताशी घेतलं, याचा मला या कामातला सगळ्यात मोठा आनंद आहे.

पुढच्या आषाढात पाइपातून मनगटाएवढी धार पऱ्यात पडत होती. तेवढं पाणी आधी आमच्या माजघराखाली येत होतं. देवघराचा कोपरा अजून दमट होतो, पण उपळ फुटला नाही. मुसळधार पाऊस लागला की मी दिवसातून दोनदा पाइपाच्या तोंडाशी जातो आणि पाणी निवळ आहे ना ते बघतो. ते पाहणं मी सोडणार नाही. पूर्वेकडच्या खोलीचा गिलावा अजून सिमेंटचाच आहे. दिवाळीनंतर तात्यांचा नातू मोकळा झाला की तिथलं काम काढायचं आहे.