तराजूची साक्ष

उज्जैनला नानाखेड्याच्या आमच्या माडीवरून बसस्थानकाकडे जाणारा रस्ता दिसतो, आणि इंदूरला निघालेल्या गाड्यांची वर्दळ भल्या पहाटे जी सुरू होते ती रात्री उशिरापर्यंत हटत नाही. परंतु निवृत्तीनंतर मुक्काम येथे हलविल्यापासून माझी दृष्टी त्या रस्त्यापेक्षा टेबलावरच्या एका बुचबंद काचनळीकडेच अधिक वळते. तिच्यात चिमूटभर फिकट, नाजूक सुया आहेत. मॉलिब्डेनमचे ते भस्म. (उज्जैनकराला भस्माचे अप्रूप सांगू नये, हे मी जाणतो.)

आमचे आजोबा ग्वाल्हेर संस्थानच्या अमलात येथल्याच सुभ्याच्या कचेरीत हिशेबतपासनीस होते. कीर्द आणि खतावणी यांचा मेळ पैपर्यंत बसला की बाकीचे कारकून पागोटी उतरवून वारा घेत, आणि आजोबा नेमके त्याच दिवशी दफ्तरांच्या गाठी पुन्हा सोडायला लावीत. हा त्यांचा विक्षिप्तपणा आहे, असे मी पुष्कळ वर्षे समजत आलो.

माझा व्यवसाय भट्टीचा. एका धातूला गादीवर बसवून इतरांनी मानकऱ्यांप्रमाणे किंचित हजेरी लावावी, ही मिश्रधातूंची पूर्वापार रीत. ती मोडून चार-पाच धातूंना जवळजवळ सारखा वाटा देण्याचा विचार २००४ साली तैवानात ये यांनी आणि ब्रिटनमध्ये कँटर यांनी स्वतंत्रपणे मांडला, आणि २०१० साली अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेत सेन्कोव्ह व त्यांचे सहकारी यांनी नायोबियम, मॉलिब्डेनम, टँटलम व टंगस्टन हे दुर्द्राव्य धातू त्याच न्यायाने एकत्र आणले. विमानाच्या इंजिनातील निकेलचे मिश्रधातू साधारण १३५० अंशांच्या आसपास वितळू लागतात. हे नवे मिश्रधातू १६०० अंशांवरही भार पेलतात, म्हणून सर्वत्र मोठा उत्साह होता. मात्र ते सामर्थ्य निर्वातात मोजलेले होते, आणि इंजिन हवेत चालते.

आमच्याकडे मिश्रधातू चाप-भट्टीत आर्गॉनच्या वातावरणात तयार होत असे: आधी टिटॅनियमचा एक गोळा वितळवायचा, म्हणजे उरलासुरला प्राणवायू तोच गिळून टाकतो, मग पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या खळग्यात आपला माल वितळवून, उलटून, पुन्हा वितळवून, असे पाच-सहा वेळा करायचे, कारण जड टंगस्टन आणि हलका टिटॅनियम एका फेरीत एकजीव होत नाहीत. जो गोळा निघे त्याला आम्ही बटन म्हणत असू. त्याच्या चकत्या कापून, सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून, ॲसिटोनने धुऊन, मिलिग्रॅमच्या दशांशापर्यंत तोलून त्या नळीभट्टीत सरकवायच्या.

एकदा मॉलिब्डेनम, नायोबियम, टिटॅनियम व क्रोमियम यांची चकती हजार अंशांवर सहा तास ठेवली. निवल्यावर साहाय्यकाने वजन घेतले, आणि तो जवळजवळ ओरडलाच, "सर, फरकच नाही! शेवटचा आकडा तेवढा हललाय." मीही हुरळलो, आणि चकतीचे रूप फारसे न न्याहाळता 'ऑक्सिडीभवन नगण्य' असा शेरा वहीत मारून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी नळी साफ करू लागलो, तो तिच्या थंड टोकाशी, जेथे हवा बाहेर पडते तेथे, या सुया दाट उगवलेल्या.

मॉलिब्डेनमचे ऑक्साइड ७९५ अंशांवर वितळते आणि त्यापुढे भराभर वायुरूप होऊन निघून जाते. मॉलिब्डेनमचा एक अणू गेला की ९६ एककांची घट होते. प्राणवायूचा अणू १६ एककांचा, तेव्हा नायोबियमने प्राणवायूचे सहा अणू घरात घेतले की वजन पुन्हा जागच्या जागी! एकीकडून अफरातफर, दुसरीकडून फुगवटा, आणि ताळेबंदात मेळ. चिमट्याने टोचताच चकतीचा पृष्ठभाग चुन्याच्या जुन्या गिलाव्यासारखा सुटला. नायोबियमचे ऑक्साइड मूळ धातूच्या सुमारे पावणेतीन पट जागा मागते, आणि ती न मिळाल्याने स्वतःच तडकून प्राणवायूला वाट करून देते. आजोबांची आठवण मला त्या वेळी झाली. आणि ते हयात असते तर माझ्या त्या शेऱ्याचे काय केले असते, हेही मनात आले.

ऑक्सिडीभवन टाळता येईल, हा भ्रम त्या प्रसंगी सुटला. जळणे अटळच असते. पहिल्या जळण्यातून जी त्वचा तयार होते ती घट्ट व सलग बसते की नाही, एवढाच प्रश्न. ॲल्युमिनियम आणि क्रोमियम ती देतात, म्हणून ते मिसळावे. पण प्रमाण वाढले की मिश्रधातू ठिसूळ होतो. जर्मनीत कार्ल्सरूहच्या संशोधकांना टँटलम, मॉलिब्डेनम, क्रोमियम, टिटॅनियम व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूवर क्रोमियम आणि टँटलम यांचे संयुक्त ऑक्साइड सापडले, आणि ते चांगले राखण करते. ज्या टँटलमचे स्वतःचे ऑक्साइड तडे जाणारे, त्याने क्रोमियमशी संगनमत करून पहारा द्यावा, याचा मला अजूनही अचंबा वाटतो.

तो शेरा मी खोडला नाही. त्याखाली तारीख घालून दुरुस्ती लिहिली. पुढच्या प्रत्येक पानावर मात्र दोन रकाने जास्त आखले: एक मुशीत गळलेल्या खपल्यांचा, आणि एक नळीच्या थंड टोकाचा.