कोब्याची ओल

लोणावळ्यात पाऊस भिंतींतूनही आत येतो. तरी आम्ही दोघे भाऊ एकदा त्याला विसरलो. तळेगावला एका कारखान्यात ॲसिडची पिंपे ठेवायच्या खोलीतल्या कोब्याला इपॉक्सी लावायचे काम होते. श्रावण चालू होता. अब्बा म्हणाले, "दीड फुटाचे प्लास्टिक चारी बाजूंनी पट्टी लावून रात्रभर ठेवा. सकाळी खाली घाम दिसला, तर हात लावू नका."

मालकाला घाई, आम्हाला पैशांची नड. कोबा घासला, धूळ ओढली, रेझिन-हार्डनर मोजून कालवले, दोन हात दिले. जमीन आरशासारखी झाली.

दिवाळीच्या आत फोड आले. आतली ओल वर ढकलत होती. फुटल्या जागी ॲसिड कोब्यात उतरले, सिमेंट भुसभुशीत झाले. जानेवारीत सगळे खरवडून पदरच्या पैशांनी पुन्हा केले. अब्बा काही बोलले नाहीत, फक्त सोबत येऊन बसले.

आता अब्बा नाहीत. नवा कोबा असेल, तर आम्ही 28 दिवस थांबतो आणि मग प्लास्टिक लावतो. यंदा एके ठिकाणी तिसऱ्या सकाळीही खाली घाम होता. काम दुसऱ्याला गेले. आम्ही हत्यारे बांधून लोकलने घरी आलो.