सूर्यमाळला जायचंय

बरेच दिवसांत काही लिहिलं नाही, कारण घरात सध्या माझं खूळ चालू आहे. (शब्द सौ.चा.) येत्या रविवारी मोखाड्याकडे जाऊन सूर्यमाळच्या पठारावरून रेडिओवर बोलायचं आहे. हॅम रेडिओचा परवाना मला एकाहत्तराव्या वर्षी मिळाला, त्याला दोन वर्षं होतील. आजवर बोललो तो डोंबिवलीच्या गच्चीवरून. डोंगरावर जायची ही पहिलीच वेळ.

डोंगरावरून बोलायची कल्पना अर्थात माझी नाही. ब्रिटनमध्ये २००२ साली ‘समिट्स ऑन द एअर’ नावाचा उपक्रम सुरू झाला. सामान स्वतः वाहून न्यायचं, वीज बॅटरीची, जनरेटर चालत नाही, आणि गुण हवे असतील तर किमान चौघांशी संपर्क व्हायला हवा. मला गुण नकोत. एकजण पुरे.

तो एकजण म्हणजे कल्याणचे एक निवृत्त रेल्वेवाले. रविवारी दहापासून ते कान लावून बसणार आहेत. सरळ रेषेत अंतर साठेक किलोमीटर. माझा हातातला सेट पाच वॅटचा, आणि या लहरी साधारण नजरेसारख्या सरळ जातात. म्हणून तर उंची हवी. नकाशावर पट्टी ठेवून पाहिली तर रेघ नेमकी माहुलीच्या डोंगराजवळून जाते! तेव्हा आवाज पोचेल की नाही, देव जाणे.

अँटेना घरीच केली. मी आर्ट्सचा, तोही मराठी माध्यमातला. जन्मात कधी असला हिशेब केला नव्हता. लहरीचा वेग सेकंदाला तीस कोटी मीटर, त्याला १४५.५ मेगाहर्ट्झने भागलं की लांबी येते सुमारे २.०६ मीटर. तिच्या निम्मी, त्यातून पाचेक टक्के कमी, म्हणजे ९८ सेंटीमीटर. माळ्यावर दूरदर्शनच्या काळातली जुनी अँटेना होती, तिच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या ४९-४९ सेंटीमीटरवर कापल्या. ती उभी बांधायची, कारण पलीकडच्यांची उभी असते. बांबू तिथला एक जुना विद्यार्थी देणार आहे. फोनवर त्याला सगळं समजावलं. तो शांतपणे म्हणाला, “पण गुरुजी, आता मोबाईलला रेंज येते की कुठं कुठं.”

यावर काय बोलणार?

त्याला एक सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. १९७६ च्या जुलैत मी खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर मास्तर होतो. तेव्हा तो सगळा भाग ठाणे जिल्ह्यात. सांगलीहून तार आली, ‘वडील गंभीर, निघा’. पावसानं ओढे भरलेले, पोस्टमन चालत आला तो तिसऱ्या दिवशी. मी घरी पोचलो दहाव्याच्या आदल्या दिवशी. दोष कुणाचाच नव्हता. पोस्टमन बिचारा कमरेएवढ्या पाण्यातून आला होता. पण त्या वर्षी पावसाळाभर रात्री पत्र्यावरचा पाऊस ऐकताना एकच वाटायचं, की मी इथं आहे हे जगात कुणालाच ठाऊक नाही. पुढं डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांच्याबरोबरची हॅम मंडळी अंदमानातच होती. फोन बंद पडले असताना तिथले निरोप त्यांनी बाहेर पोचवले. ते वाचलं आणि हे वेड तेव्हापासून डोक्यात राहिलं. तार तर २०१३ च्या जुलैत बंदच झाली.

असो. पिशवी भरून तयार आहे. सेट, जादा बॅटरी, वही, दोन पेन्सिली, परवान्याची प्रत, गुडघ्याचा पट्टा, सुतळी. सुतळी दोनदा काढली, दोनदा परत ठेवली. स्वयंपाकघरात “सीक्यू, सीक्यू” ची तालीमही चालू आहे. इंग्रजी अक्षरं ‘सिएरा’, ‘टँगो’ अशी सांगायची असतात, त्यात माझी जीभ अजून अडखळते. नातू दाराआडून हसतो.

काल सौ.नं विचारलं, “आणि नाहीच ऐकू गेलं तर?”

म्हटलं, पठारावर थोडा सरकून बघीन. माहुलीला बगल देता आली तर देईन.

“आणि तरीही नाही?”

“मग विद्यार्थ्याकडे नाचणीची भाकरी आहेच.”

“मीही येते,” म्हणाली. आता गाडीत बांबूला जागा कुठून काढायची ते बघतोय.